फोनमध्ये नसलेले व्हॉइसमेल आणि कॅमेऱ्यापुढचा गुडघा

डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मी वॉकर घेऊन चालत होते, आणि फोन नेमका किती वेळ वाजतो हे मला त्या दिवसांत प्रथमच कळले. पलंगावरून पाय जपून खाली सोडायचा, वॉकर पुढे ओढायचा, त्यावर भार टाकून उभे राहायचे, सहा-सात पावले टाकायची, आणि टेबलापर्यंत हात पोचतो न पोचतो तोच फोन बंद पडायचा. फोन उशाशी ठेवावा, असे कोणीही म्हणेल. मीही ठेवत असे; परंतु तो चार्जिंगला लावलेला असताना किंवा मी स्नानाला गेलेली असतानाच नेमके रुग्णालयातून फोन येत, आणि त्या क्रमांकावर उलट फोन केला तर ध्वनिमुद्रित आवाज यादी वाचून दाखवी. तपासणीची एक वेळ अशी हुकली, तेव्हा न उचललेल्या फोनवर लोकांना निरोप ठेवता यावा म्हणून व्हॉइसमेल सुरू करायचे ठरवले. त्यातच फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले की, पुढचे काही व्यायाम त्या व्हिडिओ कॉलवरून पाहतील. अशी दोन कामे एकदम माझ्यापुढे आली, आणि दोन्ही मिळून तासाभरात उरकतील असा माझा समज होता. त्यांतल्या पहिल्यालाच तीन दिवस लागले.

उशीर झाला तो एका चुकीच्या कल्पनेमुळे. माझ्या लहानपणी ऐकलेली उत्तर देणारी यंत्रे, म्हणजे फोनशेजारी ठेवलेला आणि आत कॅसेट असलेला डबा, माझ्या डोक्यात होती, आणि व्हॉइसमेल म्हणजे तोच डबा आता फोनच्या पोटात गेला असावा, असे मी धरून चालले होते. त्यामुळे पहिला दिवस मी फोनच्या सेटिंगमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय शोधण्यात घालवला. डायलरच्या, म्हणजे क्रमांक लावायच्या पडद्याच्या, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमागे ‘व्हॉइसमेल’ असे शीर्षक सापडले, पण आत होती ती सूचनेचा आवाज निवडण्याची सोय आणि ‘व्हॉइसमेल क्रमांक: सेट केलेला नाही’ अशी एक फिकट ओळ. ती ओळच खरे सांगत होती. नेहमीचे व्हॉइसमेल फोनमध्ये नसतेच. ते मोबाइल कंपनीच्या संगणकावर असते. तुम्ही फोन उचलला नाही की कंपनीचे जाळे (नेटवर्क) तो कॉल दुसऱ्या एका क्रमांकाकडे वळवते, तिथले यंत्र तुमच्या वतीने बोलते आणि निरोप साठवते. तुमचा फोन बंद असो, विमान मोडवर असो की नदीत पडलेला असो, निरोप घेतला जातो तो याचमुळे. काही नव्या फोनांत फोन स्वतःच कॉल घेऊन बोलणे पडद्यावर अक्षरांत उतरवतो, आयफोनमध्ये २०२३ साली अशी सोय आली. पण माझा फोन त्यांतला नव्हता.

हे उमगल्यावर मी सेटिंग सोडून ग्राहक सेवेला फोन केला. सेवा माझ्या क्रमांकावर सुरू करून घ्यावी लागली. सर्वच कंपन्या ही सेवा देत नाहीत, आणि जिथे आहे तिथेही ती प्रत्येक प्लॅनमध्ये असेलच असे नाही. तेव्हा फोनशी झटापट करण्याआधी हा एक प्रश्न विचारून घेतला असता तर माझा पूर्ण एक दिवस वाचला असता. वळवलेल्या कॉलचा आकार कॉल वळवणाऱ्याच्या बिलात लागू शकतो, हेही तेव्हाच विचारून घेतले. त्यांनी पेटीचा, म्हणजे निरोप साठतात त्या जागेचा, क्रमांक दिला, तो मी त्या फिकट ओळीच्या जागी भरला, आणि डायलरवरचा १ हा अंक दाबून धरला की थेट पेटी लागू लागली. काम झाले असे वाटून मी ताईला फोन करायला सांगितले. फोन वाजला, थांबला, आणि ताई म्हणाली, “अगं, नुसता कट झाला.”

कारण पेटी उघडणे आणि पेटीकडे कॉल वळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कित्येक ठिकाणी दुसरे काम कंपनी आपण होऊन करते; माझ्याकडे ते झालेले नव्हते. कॉल वळवण्याच्या तीन अटी असतात: फोन वाजला पण उचलला नाही, फोन संपर्कात नाही, आणि लाइन व्यस्त आहे. जीएसएम या मोबाइल-पद्धतीच्या जाळ्यांत या तिन्हींना ठरलेले आकडे आहेत, अनुक्रमे ६१, ६२ आणि ६७. डायलरवर दोनदा स्टार, मग ६१, पुन्हा स्टार, मग पेटीचा क्रमांक आणि शेवटी हॅश असे लिहून कॉलचे बटण दाबायचे. आकडे नको असतील तर हीच सोय कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ या नावाखाली असते. मला मात्र आकडे बरे वाटले, कारण त्यांचे उत्तर लगेच येते.

पहिले उत्तर आले ते असे: ‘कनेक्शनमध्ये समस्या किंवा अवैध एमएमआय कोड’, म्हणजे स्टार-हॅशचा हा क्रम मान्य नाही. मी तोच क्रम चार वेळा, प्रत्येक वेळी अधिक जोर देऊन, टंकला, जणू काचेवर बोट जोरात दाबल्याने कंपनीला ऐकू जाणार होते. अडचण वेगळीच निघाली. घरातल्या वायफायवर भागते म्हणून मी मोबाइल डेटा बंद ठेवलेला होता, आणि फोरजीवरच्या बऱ्याच जोडण्यांत फॉरवर्डिंगची ही मागणी डेटाच्या वाटेनेच कंपनीपर्यंत जाते. डेटा सुरू केला आणि ‘नोंदणी यशस्वी’ असे आले. आनंदाने ताईला पुन्हा फोन करायला लावले, पुन्हा कट. आता मात्र मी रडकुंडीला आले. शेवटी स्टार, हॅश, ६१, हॅश हा विचारणा करणारा क्रम टाकून पाहिला, आणि पडद्यावर दोन सिम कार्डांपैकी कोणते वापरायचे असा प्रश्न आला, जो आदल्या वेळी मी न वाचताच पुढे ढकलला होता. ज्या सिमवर मला कोणीही फोन करत नाही, त्या सिमचे कॉल मी अत्यंत काळजीपूर्वक वळवून ठेवले होते. प्रत्येक सिमची फॉरवर्डिंगची नोंद स्वतंत्र असते. ती चुकीची नोंद दोन हॅश, ६१, हॅश असे लिहून पुसली आणि योग्य सिमवर नव्याने केली.

माझा खरा प्रश्न तर अजून पुढेच होता. फोन वाजण्याचा अवधी माझ्या जोडणीवर १५ सेकंदांचा होता, म्हणजे मी वॉकरवर उभी राहीपर्यंत कॉल पेटीत गेलेला असणार. हा अवधी फोनच्या सेटिंगमध्ये मला कुठेही सापडला नाही, आणि सापडणार तरी कसा, कारण किती वेळ वाट पाहायची हेही जाळेच ठरवते. त्याच क्रमात पेटीच्या क्रमांकानंतर आणि शेवटच्या हॅशच्या आधी स्टार, ११, स्टार आणि सेकंद असे लिहावे लागते. सेकंद ५ ते ३० यांमधले आणि ५च्या पटीतलेच चालतात, आणि ११ हा आकडा ‘फक्त आवाजी कॉल’ असे सांगतो. मी ३० लिहिले. दुप्पट झालेल्या त्या अर्ध्या मिनिटात मी घड्याळ लावून पलंगापासून टेबलापर्यंत तीनदा गेले, आणि तिन्ही वेळा दोन-चार सेकंद शिल्लक राहिले. एवढ्या खटाटोपात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

मग रीतसर चाचणी घेतली. ताईने फोन करायचा आणि मी उचलायचा नाही, हे जमले. मी फोन विमान मोडवर टाकला, तर तिला ‘संपर्क होऊ शकत नाही’ असेच ऐकू आले, कारण मी फक्त ६१ची अट घातली होती. कॉल कापला, तर तोही पेटीत गेला नाही. कापलेला कॉल जाळ्याच्या हिशेबी ‘व्यस्त’ ठरतो, आणि त्याची अट ६७. तिन्ही अटी एकदम घालायच्या तर ००४ हा आकडा आहे, पण मी तोवर इतकी सावध झाले होते की प्रत्येक अट वेगळी घातली आणि वेगळी तपासली. एक आकडा मात्र कोणाच्याही सांगण्यावरून टाकू नये, तो म्हणजे २१. त्याने फोन न वाजताच सगळे कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे जाऊ लागतात, आणि बँकेच्या किंवा कुरिअरच्या नावाने बोलणारे भामटे लोकांकडून नेमका हाच आकडा टाकून घेतात. शंका आलीच तर दोन हॅश, ००२, हॅश या क्रमाने सगळी फॉरवर्डिंग रद्द होते. त्यात व्हॉइसमेलचीही जाते, ती नंतर पुन्हा घालावी लागते.

पिन बदलण्याची पायरी मी कंटाळून सोडणार होते. पेटीने चार आकडी पिन मागितला, आणि मी सुरुवातीला दिलेलाच ठेवावा या विचारात होते. परंतु ब्रिटनमधले ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे साप्ताहिक २०११ साली बंद पडले ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणावरून, आणि त्या काळातल्या अशा चोऱ्यांत कोणीही न बदललेले मूळ पिन फार कामी आले होते, हे मला आठवले. आजचा धोका आणखी वेगळा आहे. अनेक ॲप खात्याच्या पडताळणीचा संकेतांक आवाजी कॉलवरूनही सांगतात; तो कॉल तुम्ही उचलला नाही तर संकेतांक पेटीत मुद्रित होतो, आणि पेटीचा पिन ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती तुमचे खाते लागते. मी पिन बदलला, आणि व्हॉट्सॲपमध्ये दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिनही त्याच बैठकीत घातला.

स्वागताचा निरोप मुद्रित करणे हे दोन मिनिटांचे काम दिसते. मी त्यावर अख्खी दुपार घालवली. पहिल्या खेपेला मी ‘नमस्कार’ म्हणाले आणि पुढचे विसरले. दुसऱ्या खेपेला आवाज इतका गंभीर लागला की ऐकणाऱ्याला घरात काही अघटित घडले असे वाटावे. तिसरा निरोप चांगला झाला होता, पण त्यात मी शस्त्रक्रिया, वॉकर, दिवसभर घरी एकटी असणे, सगळेच सांगून टाकले होते. ताईने तो ऐकून फोनवरच कपाळाला हात लावला असावा. “अनोळखी माणसाला एवढं कशाला सांगतेस?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अखेरीस कागदावर तीन वाक्ये लिहिली, खिडकी लावली, पंखा बंद केला, फोन तोंडापासून वीतभर लांब धरला आणि वाचले: मी आत्ता फोन घेऊ शकत नाही, आपले नाव, क्रमांक आणि काम सांगावे, क्रमांक कृपया दोनदा सांगावा. हे शेवटचे वाक्य मी माझ्या शहाणपणाचे फळ मानते, कारण निरोपात लोक सगळे सावकाश बोलतात आणि क्रमांक तेवढा घाईने म्हणतात.

पडद्याच्या वरच्या पट्टीत दोन वर्तुळे आणि त्यांना खालून जोडणारी एक रेघ, असे चिन्ह उमटले की निरोप आलेला असतो. स्पूलचे टेपरेकॉर्डर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या चिन्हाचा अर्थ सांगावा लागत नाही; माझ्या भाच्याला तो चष्मा वाटला. एकदा निरोप पुसल्यावरही हे चिन्ह जाईना, कारण ते दाखवण्याचा आणि पुसण्याचा आदेशही जाळ्याकडूनच येतो आणि तो वाटेत कुठे तरी हरवला होता. ताईने आणखी एक निरोप ठेवला, तो मी ऐकून पुसला, तेव्हा दोन्ही चिन्हे एकदम गेली.

व्हिडिओ कॉलचे काम याच्या नेमके उलटे निघाले. इथे मोबाइल कंपनीचा संबंध इंटरनेट पुरवण्यापुरता. बाकी सगळे ॲपमध्ये. डायलरमध्येही व्हिडिओचे बटण असते, पण कंपनीच्या जाळ्यावरून जाणारा तसा कॉल लागायला दोन्हींकडचे फोन, सिम आणि कंपन्या यांचे जुळावे लागते, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. ताईकडे आयफोन आहे आणि ती फेसटाइमचे गुण गाते. परंतु फेसटाइम २०१० साली आले ते ॲपलच्याच उपकरणांसाठी, आणि २०२१ पासून अँड्रॉइडवाल्यांना त्यात येता येते तेही समोरच्याने दुवा पाठवला तर, ब्राउझरमधून. बाईंकडे, ताईकडे आणि माझ्याकडे आधीपासून असलेले एकच ॲप होते व्हॉट्सॲप, ज्यात व्हिडिओ कॉल २०१६ साली आला. निवड तिथेच संपली. जे समोरच्याकडे आहे तेच चांगले ॲप, इतका साधा हिशेब मी केला.

पहिल्या कॉलला ताई मला दिसत होती आणि ऐकूही येत होती, मी मात्र तिला मुक्या चित्रपटातली नटी दिसत होते. ॲपने कॅमेऱ्याची आणि माइकची परवानगी मागितली तेव्हा मी पहिलीला होकार आणि दुसरीला, कसली तरी जाहिरात समजून, नकार दिला होता. एकदा ठाम नकार दिला की ॲप पुन्हा विचारत नाही. सेटिंगमध्ये ॲपच्या नावाखाली परवानग्यांच्या यादीत जाऊन तो बदलावा लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात जो हिरवा ठिपका दिसतो तो कॅमेरा किंवा माइक चालू असल्याची खूण आहे. कॉल संपल्यावर तो गेला की नाही, हे मी अजूनही पाहते.

आवाज जमला तरी चित्र काही जमेना. मी खिडकीकडे पाठ करून बसले होते आणि कॅमेरा खिडकीच्या उजेडाप्रमाणे स्वतःला जुळवून घेत होता, त्यामुळे ताईला फक्त माझी आकृती दिसत होती. खुर्ची फिरवून खिडकी समोर घेतली, आणि चेहरा दिसला. इतका स्पष्ट दिसला की मी उठून केस नीट केले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ हा समोरच्याचे चित्र दाखवणारा फोन लोकांपुढे मांडला गेला होता आणि पुढे तो काही चालला नाही. त्याची महागाई हे मोठे कारण होतेच, पण घरात असताना कोणाला दिसायचे आहे, हा प्रश्नही लहान नसावा, असे मला त्या दिवशी वाटले.

बाईंना माझ्या चेहऱ्याशी कर्तव्यच नव्हते. त्यांना गुडघा पाहायचा होता. पहिल्या बैठकीत मी फोन हातात धरून गुडघ्यावर रोखला, आणि त्या म्हणाल्या, “वरून मला कोन कळणार नाही. फोन गुडघ्याच्या उंचीला, पायाच्या बरोबर बाजूला ठेवा.” हे त्यांचे म्हणणे नंतर मी स्वतः ताडून पाहिले. काटकोनात वाकलेला पाय तिरप्या जागेवरून पाहिला तर तो कधी ९० अंशांपेक्षा कमी, कधी जास्त वाकलेला भासतो. कॅमेरा पायाच्या हालचालीला काटकोनात असला तरच चित्रातला कोन खरा. मग एका स्टुलावर जाडजूड शब्दकोश, त्याला टेकवून फोन आडवा, आणि तो घसरू नये म्हणून पुढे एक खोडरबर, अशी मांडणी केली. मागचा कॅमेरा लावला, त्याची भिंग रुमालाने पुसली, कारण बोटाच्या तेलकट ठशामुळे सगळे चित्र धुक्यातले येत होते. माझी घोट्यापासून कमरेपर्यंतची बाजू चौकटीत बसते की नाही हे दिसायला मला पडदा दिसत नव्हता, म्हणून आधी एक छायाचित्र काढून जागा पक्की केली आणि स्टुलाच्या पायांशी जमिनीवर खडूने खुणा केल्या.

पुढचा कॅमेरा वापरल्यावर आणखी एक गोंधळ व्हायचा. त्यात आपले चित्र आपल्याला आरशासारखे उलटे दिसते, पण समोरच्याला ते सरळच दिसते. शस्त्रक्रियेचा पाय पडद्यावर उजवीकडे आहे की डावीकडे, यावरून मी बाईंना उगाच दुरुस्त करत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “मला बरोबरच दिसतंय. तुम्ही पडद्याकडे नका पाहू, पायाकडे पाहा.”

मोजणी ही तर वेगळीच गंमत झाली. “एक, दोन, तीन, धरा” असे त्या म्हणत, आणि मी ‘धरा’ ऐकून पाय धरी, पण तो धरलेला त्यांना दिसेपर्यंत त्यांचे ‘सोडा’ निघालेले असे. आवाज इकडे यायला थोडा वेळ आणि चित्र तिकडे जायला थोडा वेळ, यांची बेरीज त्यांच्या पदरी पडत होती. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषणात तो सहसा जाणवत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. आमचा त्याहून निश्चित जास्त होता. आम्ही तोडगा काढला की मोजायचे मी, मोठ्याने, आणि त्यांनी फक्त पाहायचे. वायफायचा राउटर दुसऱ्या खोलीत होता, मधले दार उघडे ठेवल्यावर आणि घरातले इतर डाउनलोड थांबवल्यावर चित्र अडखळणेही बरेच कमी झाले. आपल्याला समोरचे माणूस स्वच्छ दिसते म्हणजे आपणही त्याला तसेच दिसतो, असे मुळीच नाही, कारण अनेक जोडण्यांत पाठवण्याचा वेग घेण्याच्या वेगाच्या मानाने फार कमी असतो. मोबाइल डेटावर करायचे तर हिशेब असा: झूमने दोघांमधल्या चांगल्या चित्रासाठी दोन्ही दिशांना सेकंदाला ६०० किलोबिट वेग सांगितला आहे, म्हणजे अर्ध्या तासाला जाऊन-येऊन सुमारे २७० मेगाबाइट. शिवाय अर्ध्या तासात फोन चांगलाच तापतो, तेव्हा चार्जर लावून त्याला आणखी तापवण्यापेक्षा मी तो आधीच चार्ज करून ठेवू लागले.

सगळे सुरळीत चालू असताना ताईने एकदा तक्रार केली की तिने दोनदा व्हिडिओ कॉल केला, मी घेतला नाही, आणि माझे ते कौतुकाचे व्हॉइसमेलही बोलले नाही. बोलणार नव्हतेच. ६१, ६२, ६७ या अटी कंपनीच्या जाळ्यावरून येणाऱ्या कॉलला लागू होतात. ॲपचा कॉल इंटरनेटवरून येतो आणि त्या जाळ्याला तो कॉल म्हणून दिसतच नाही. त्याचा निरोप ॲपमध्येच, आवाजी संदेश म्हणून, ठेवावा लागतो. तीन दिवस कपाळावर हात मारून शिकलेली गोष्ट मी तिला दोन वाक्यांत सांगितली, त्यावर ती म्हणाली, “म्हणजे साधा फोनच करू ना?”

गुडघा आता ११५ अंशांपर्यंत वाकतो आणि वॉकर माळ्यावर गेला आहे. फोन फार वेळ वाजत राहतो अशी दोघांनी कुरकुर केल्यावर मी ३०चे २० सेकंद केले, आणि या वेळी सिम विचारणारा प्रश्न पूर्ण वाचला.